क, ख, ग, घ आणि आमचं शेत

१ जून १९५२, रविवार. सकाळी ११, मिस्साहून आल्यावर.
नवी वही. नियम: रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं. खाडाखोड नाही.
परवा बी लायसन्स मिळालं. आता पगार घेऊन विमान चालवायला मी कायद्याने मोकळा. सहार गावातला पहिला. बहुतेक अख्ख्या अंधेरीतला. चौकशी करायला हवी.
येताना आई विमानतळाच्या कुंपणापाशी थांबली. तारेतून बोट घालून म्हणाली, "तो खांब दिसतो ना, तिथून आपला बांध." आमचं भाताचं शेत सरकारने धावपट्टीसाठी घेतलं. पापा त्यानंतर वर्षभरच होता. शेताचं जे आलं त्यातून मी जुहूच्या फ्लाइंग क्लबात उडायला शिकलो. म्हणजे आम्ही जमीन देऊन आकाश घेतलं. (वाक्य चांगलं. १० पैकी ९.)
आई म्हणाली, "तू आपल्या शेतावर विमान उतरवशील ना, त्या दिवशी फुगे तळीन. पापाच्या पितळेच्या डब्यातून घेऊन उभी राहीन." मैद्याचे हे गोल फुगे घरात तळतात ते लग्नाला नाहीतर नाताळला. मधेच तळायचे म्हणजे आईने मनावरच घेतलंय.
म्हटलं, दोन महिने. फार तर अडीच.

२ जून. संध्याकाळी.
मोठा निर्णय: मिळेल ती नोकरी धरायची नाही. लोक बूट घेताना चार दुकानं फिरतात आणि नोकरी घेताना पहिल्या दारात घुसतात. पायलटची नोकरी म्हणजे तीस वर्षं. मी बी.एस्सी. आहे. शास्त्रीय पद्धतीने जाणार.
तक्ता करायचा. मोठा ड्रॉइंगचा कागद आणला. चार विमान कंपन्या. नावं लिहीत नाही, कुणी माझी पद्धत चोरेल. क, ख, ग, घ.
क: सगळ्यात रुबाबदार. माझं जिच्याशी जमलंय ती एथेल तिथेच टायपिस्ट आहे, गेल्या वर्षापासून. (याचा मार्कांवर परिणाम होऊ देणार नाही.)
ख: हेड ऑफिस कलकत्त्याला. मासे खाडीचे की नदीचे, बघायला हवं.
ग: नीट माहिती नाही. म्हणून गूढ. म्हणून आकर्षक.
घ: तीन डकोटा विमानं. माणसं कमी, माल जास्त.

५ जून.
रकाने ठरले. विमानं, मार्ग, पगार, बढती, कॅन्टीन, साहेबांचा स्वभाव, टोपी. एकूण १०० मार्क. टोपीला १२.
गुणाजी आला होता. माझ्याबरोबरच क्लबात शिकला. घाटकोपरच्या चाळीत राहतो, मूळचा मालवणचा. सरकारी स्कॉलरशिपवर उडला. तक्ता वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. मग म्हणाला, "सीनिऑरिटी खय आसा?"
म्हटलं, बढतीत धरलीय. तीन मार्क.
डोक्याला हात लावला त्याने. म्हणाला, "अरे, ह्या धंद्यात तीच एक गोष्ट. यादी असते. आधी आला तो वर. एक दिवस आधी आलेला जन्मभर तुझ्या वर. कॅप्टन तो आधी, सुट्टी त्याला आधी, चांगला मार्ग त्याला आधी. मेल्या, आधी शिडयेर पाय ठेव, मगे शिडी मोज."
चांगला मुलगा आहे. पण दृष्टी लांबची नाही. सीनिऑरिटी चार मार्क केली, त्याच्या समाधानासाठी.

६ ते १२ जून.
रोज लिहायचं राहिलं. तक्त्याचं काम होतं, तेही लिहिणंच.

१४ जून, शनिवार. दुपारी १.
टपाल. 'घ'कडून पत्र. को-पायलटची जागा. "३० जूनपर्यंत हजर व्हावे." गुणाजीलाही आलंय.
आईने पत्र येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. तिला सांगितलं, हे पत्र म्हणजे नोकरी नव्हे, हा एक पर्याय आहे. ती म्हणाली, "पर्याय म्हणजे?" समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जातोस ना?"
घ ला आतापर्यंत ४१. चारांत चौथी.

१८ जून.
एथेल भेटली. चर्चच्या पायऱ्यांवर, तिची धाकटी बहीण पेट्रिशिया दहा पायऱ्या खाली, पाठ फिरवून, कान इकडे.
एथेल म्हणाली, "क मधे जानेवारीपर्यंत एकही जागा नाही. मी स्वतः टाइप केलंय. तू घ ला हजर हो."
म्हटलं, घ कोंबड्या वाहून नेते.
"मग? कोंबड्या तक्रार करतात?"
मग आवाज बारीक करून म्हणाली, ऑफिसात कुजबुज आहे. सरकार सगळ्या कंपन्या एक करणार. "लुईस, मग तुझी टोपी कुठली आणि कॅन्टीन कुठलं? आत कोण आणि बाहेर कोण, एवढंच उरेल रे."
अफवांना रकाना नाही. घरी आल्यावर निष्पक्षपणे एक केला. ० मार्क दिले, चारही कंपन्यांना सारखेच.

२३ जून.
झोप लागत नाही. क ७८, घ ४१. आकडे स्पष्ट आहेत. तरी रात्री दोनदा उठून बेरीज तपासली. बहुधा क च्या कॅन्टीनात मार्क द्यायला खाल्लेल्या वड्याने.
आईने माझा पांढरा शर्ट धुऊन, इस्त्री करून दाराला टांगला. शर्ट रात्रंदिवस माझ्याकडे बघतो.

२७ जून, शुक्रवार.
गुणाजी घ मधे हजर झाला. तक्ता न करता! आधी माझ्याकडे आला होता. म्हणाला, "चल ना यार, दोघे एकदम जाऊया. तुझी सही माझ्या आधी कर, तू वरचो, मी खालचो. चलात?"
एवढा मोठेपणा मला अपमानासारखा वाटला. म्हटलं, तू पुढे हो.
पुढे झाला.

२९ जून, रविवार. दुपारी.
पाद्रीसाहेबांनी उपदेशात दहा कुमारिकांची गोष्ट सांगितली. पाचजणी तेल आणायला गेल्या आणि दार बंद झालं. आईने वळून माझ्याकडे बघितलं. एथेलने वळून बघितलं. पेट्रिशियानेही. ती कशाला?
निर्णय: उद्या जायचं. फक्त बघायला. प्रत्यक्ष पाहणी हा शास्त्राचा भाग आहे.

३० जून, सोमवार. दुपारी ३.
जसं झालं तसं लिहितो.
सकाळी १०. शर्ट घातला. आई दारापर्यंत आली, कपाळावर क्रूस केला.
१०.४०. घ चं ऑफिस म्हणजे हँगरच्या कडेला एक शेड. आत अण्णा म्हणून हेडक्लार्क, पानाने तोंड भरलेलं. त्याने हजेरीचं रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. माझं नाव आधीच लिहिलेलं. समोर सहीची जागा रिकामी. वरच्या ओळीत गुणाजीची सही, वाकडी.
१०.४५. पेन हातात घेतलं.
१०.४६. बाहेर डकोटात कोंबड्यांच्या करंड्या चढत होत्या. एका करंडीतून पिसं उडाली. एक माझ्या बाहीवर बसलं.
१०.५०. अण्णाला विचारलं, टोपी कशी असते? तो म्हणाला, "टोपी नाय. ऊन लागलं तर रुमाल बांधा."
शंभरपैकी बारा मार्क एका वाक्यात गेले. घ २९ वर आली.
१०.५५. म्हटलं, उद्या येतो. विचार करून.
अण्णाने पान गालात सरकवलं. म्हणाला, "उद्या तारीख बदलते साहेब."
म्हटलं, तारखा रोजच बदलतात.
उत्तर चोख होतं. रजिस्टर मिटून आत ठेवलं त्याने.
परत येताना पाय हलके वाटत होते. जरा जास्तच हलके.

१ जुलै १९५२.
आज विशेष काही नाही.

२० जुलै.
आईने पत्र तसबिरीमागून काढलं, घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवलं. शर्ट कपाटात गेला.
ग चं उत्तर नाही. गूढ वाढलंय. ग ला दोन मार्क वाढवले.

२ सप्टेंबर.
ख चं पत्र: सध्या भरती बंद. 'सध्या' हा शब्द महत्त्वाचा.
गुणाजी आला. रापलाय. कोंबड्यांचा वास येतो, पण हात आता बोलताना आपोआप विमानासारखे कलतात. नागपूर, कलकत्ता, परत. सांगत होता, ढगातून बाहेर आलं की खाली दिवे कसे दिसतात. आई मन लावून ऐकत होती. मधेच विचारलं, "आपल्या शेतावरच उतरता ना रे?" तो म्हणाला, "व्हय काकी, दुसरा खय उतरतलंव?"
मी तक्ता बघत होतो.

१५ नोव्हेंबर.
धोका! लायसन्स रिन्यू करायला ठरावीक तास उडावं लागतं. ते झालेले नाहीत. क्लबात पाच सकाळी जाऊन टायगर मॉथ उडवलं. पाचही दिवस खाली बघून आमचं शेत शोधलं. जुहूहून दिसतं. पण तिथे उतरायची परवानगी नाही.
तास कसेबसे भरले. दोन दिवस बाकी होते. एथेल म्हणाली, "तू ना, सगळं शेवटच्या दोन दिवसांत." म्हटलं, याला अचूक वेळ साधणं म्हणतात.

३ जानेवारी १९५३, शनिवार.
क!!!
मिळाली. को-पायलट. आधी ग्राउंड ट्रेनिंग, मग विमान. टोपीला सोनेरी फीत. तक्ता जिंकला. शास्त्र जिंकलं. सात महिने लोकांनी जे बघितलं माझ्याकडे, ते सगळं फिटलं.
गुणाजीला सांगितलं. त्याने मिठीच मारली. म्हणाला, "झकास! चल, आता तू माझ्या खाली." हसत म्हणाला. मीही हसलो. वेगवेगळ्या कंपन्यांत वर-खाली कसलं?

८ फेब्रुवारी, रविवार.
लग्न. उपासकाळात लग्नं लागत नाहीत, त्याआधी उरकायला हवं होतं. तीन रविवार देवळात लग्नाची नावं वाचली तेव्हा पाद्रीसाहेब "लुईस, विमानचालक" असं म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं. पेट्रिशिया असावी.
आईने फुगे तळले. खाताना म्हणाली, "हे लग्नाचे. ते वेगळे." माझ्या लक्षात होतंच.
एथेलने विचारलं, "माझ्यासाठीही तक्ता केला होतास का रे?" नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं की बरं, कळलं नाही. नोकरी ती सोडणार नाही म्हणते. असू दे, वेळ जातो तिचा.

१२ मार्च.
ग्राउंड ट्रेनिंग. लिंक ट्रेनर म्हणून एक लाकडी पेटी असते, आत विमानासारखीच चक्रं-काटे. झाकण लावतात आणि खोटं वादळ लावतात. आज वादळातून सुखरूप उतरलो.
आईला सांगितलं. तिने हातातलं टाकून विचारलं, "कुठे उतरलास?"
पेटी जागेवरच असते, हे सांगायला अवघड गेलं.

२८ मार्च.
पेपरात आलं. सरकार कंपन्या ताब्यात घेणार, दोन कॉर्पोरेशन्स होणार. लोक घाबरलेत. मी नाही. मी सगळ्यात चांगल्या कंपनीतला. सगळ्यात चांगलं तेच वर राहतं, दुधावरच्या सायीसारखं.
एथेल उशिरा येते. ऑफिसात खूप टायपिंग आहे म्हणते.

१० मे, रविवार.
आईचा बाटली मसाला, वर्षभराचा बाटल्यांत भरून ठेवायचा. दरवर्षी मेमधे. अंगणात मिरच्या वाळत घालायला मोठा कागद हवा होता. तिने माझा तक्ता पसरला.
मी आलो तेव्हा क वर काश्मिरी मिरच्या, ख वर हळकुंडं, ग वर धणे. घ वर आमचं मांजर. ओरडलो. आई म्हणाली, "काम झालं ना त्याचं?"
खरं तर झालंच होतं. पण सीनिऑरिटीच्या रकान्यावर हळदीचा डाग पडला. पुसता पुसता पसरला.

१८ जून १९५३, गुरुवार. संध्याकाळी ६.४०.
लगेच लिहून ठेवतोय. अक्षर वाईट येईल.
एथेल घरी आली. चप्पल काढली नाही. तशीच खाटेवर बसली. आई चहा घेऊन आली, तिने घेतला नाही.
म्हणाली, "आज यादी टाइप केली. कोण कोण कॉर्पोरेशनमधे जाणार त्याची."
म्हटलं, मग?
"गेल्या वर्षी एक जुलैच्या आधी जे जे नोकरीत होते, ते आपोआप. कायद्यातच आहे."
म्हटलं, कुठल्या वर्षी?
"गेल्या रे. बावन्न."
म्हटलं, एक जुलैच्या आधी म्हणजे तीस जूनला हजर झालेला—
"तो आत."
आई म्हणाली, "तीस जूनला तर तू शर्ट घालून गेला होतास."
बाहेरून विमान उतरल्याचा आवाज आला. आमच्याकडे भांडी हलतात तेव्हा. ती हलली.
एथेल म्हणाली, "तुझं नाव यायच्या जागी मी तीनदा बघितलं. कागद दोनदा बदलला. पण मी नाव घालू शकत नाही ना लुईस, मी टायपिस्ट आहे."
मी तिला विचारलं, तू?
ती एकावन्नपासून आहे. ती आत.

१९ जून.
शांत डोक्याने विचार केला. एका दिवसाने हुकलो असं लोक म्हणतील. चूक आहे. सहा महिन्यांनी हुकलो. एक दिवस ही अतिशयोक्ती.
तसंच, कायदा १९५३ चा आणि तारीख १९५२ ची. अशी मागची तारीख कुठल्या तक्त्यात बसवणार? यात पद्धतीचा दोष नाही.
१९५२ ची वही काढून ३० जूनचं पान वाचलं. "तारखा रोजच बदलतात." उत्तर तेव्हा चोख वाटलं होतं.

७ जुलै.
गुणाजी आला. त्याला कळलेलं होतं. हसला नाही. हसला असता तर बरं. म्हणाला, "मी बोलतो साहेबांशी. कधीतरी भरती होतलीच." मग म्हणाला, "त्या दिवशी तुझी कॉलर धरून नेलं पाहिजे होतं मी. माझीच चूक."
त्याची चूक! माझ्या चुकाही लोक माझ्या नावावर ठेवत नाहीत.

१ ऑगस्ट १९५३, शनिवार.
आजपासून सगळ्या कंपन्या कॉर्पोरेशनच्या. क, ख, ग, घ संपले. टोपी परत केली. पावती मिळाली.
एथेल सकाळी ८.१० ला कामावर गेली. आईने तिचा डबा भरला. दोन डबे भरायची सवय, दुसराही भरला. मी घरीच खाल्ला.

२९ ऑगस्ट.
एथेलने फॉर्म आणला. कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला वर्षातून एकदा विमानाचा पास. रकाना: 'कर्मचाऱ्यावर अवलंबून असणाऱ्या व्यक्ती.' तिने सुंदर अक्षरात लिहिलं: १. लुईस, नवरा. २. मार्सेलिना, सासू.
यादीत नाव आलं शेवटी. आईच्या वर आहे. सीनिऑरिटी.
नव्या तक्त्याचा विचार: फ्लाइंग क्लबात शिकवणं, पिकांवर औषध फवारणं, सिलोन. रकाने पाडले. मार्क अजून नाहीत.

१८ ऑक्टोबर १९५३, रविवार. दुपारी ४.
पासावर पुण्याला गेलो. आई, एथेल, मी. आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात. पहाटे उठून स्वयंपाकघरात काहीतरी करत होती. पितळेचा डबा फडक्यात बांधून मांडीवर घेतला होता. मी विचारलं नाही. मला वाटलं, चपात्या.
परतीचं विमान डकोटा. को-पायलट: गुणाजी. डोक्याला नवी टोपी. चांगली आहे. मी ७ दिले.
तो मधे बाहेर येऊन आईच्या सीटपाशी वाकला. म्हणाला, "काकी, आज कॅप्टनसाहेबांनी माका सांगितल्यानी हा, लँडिंग तू कर. खिडकीतून बघ. खांब दिसलो की समज." मग माझ्याकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि आत गेला.
घाट गेला, खाडी आली, मिठागरं आली. एथेलने माझा हात धरला. मी सवयीने मनात आकडे घोकत होतो: उंची, वेग, फ्लॅप्स. जरा वर आहे, म्हटलं. जरा वरच होता. त्याने खाली घेतलं. बरोबर तेव्हाच, जेव्हा मी घेतलं असतं.
आईचं नाक काचेला. "खांब," म्हणाली. "लुईस, खांब! बांध गेला... आता आपलं... आता आपलं."
चाकं टेकली तेव्हा कळलंही नाही. दहापैकी दहा. दुसरं काही देता येत नव्हतं.
शिडीवरून उतरल्यावर आई पाच मिनिटं तिथेच उभी. वाकून डांबराला हात लावला, तो कपाळाला. ग्राउंडचा माणूस "बाई, पुढे चला" म्हणाला. ती हलली नाही. गुणाजी उतरून आला, टोपी काखेत.
आईने फडकं सोडलं. डबा उघडला. फुगे.
त्याच्यापुढे धरला. म्हणाली, "घे पोरा. आपल्या शेतावर उतरलास."
त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घे ना. त्याने एक घेतला, खाल्ला, डोळे पुसले. म्हणाला, "तिखट नाय, तरी बघ."
मग आईने डबा माझ्याकडे केला. मीही एक घेतला. थंड झाला होता.
घरी येऊन वही उघडली, मार्क लिहायला. दिले नाहीत.